कारखानीसांचं रागू

काही माणसं एकच मूर्खपणा करून थांबत नाहीत, म्हणून त्यांचे किस्से साचत जातात. आमच्या अंधेरीच्या ऑफिसातले कारखानीस त्यातलेच. असिस्टंट मॅनेजर, राहायला बोरिवली, डोळा मॅनेजरच्या खुर्चीवर. ऐंशीच्या दशकात कंपनीनं त्यांना ट्रेनिंगला पॅरिसला धाडलं. तिथून ते एक टाय आणि एक शब्द घेऊन आले: रागू!

"म्हणजे काय हो?" डब्याच्या टेबलावर सावंतनं विचारलं.

"मसालेदार, मंद आचेवर शिजवलेलं... तुला नाही कळायचं."

"म्हणजे आपला रस्साच की! कालवण!"

"रस्सा, कालवण... शी! गावंढळ शब्द!"

*

तेव्हापासून आमच्या टेबलावर रस्सा बंद. माझी मटकीची उसळ 'बीन्स रागू' झाली, सावंतची कोंबडी 'चिकन रागू'. एकदा मी साधं वरण नेलं. कारखानीसांनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "हं. याला अजून वेळ आहे."

वरणाला प्रमोशन नाकारणारा हा पहिलाच माणूस!

*

एकदा कँटीनच्या फळ्यावर त्यांनी स्वतः खडूनं लिहिलं, 'आज बटाटा रागू'. कुणी फिरकेना. शेवटी सावंतनं ते पुसून 'बटाटा रस्सा' लिहिलं, आणि पातेलं बघता बघता रिकामं!

"या लोकांची लायकीच नाही," कारखानीस म्हणाले. मिशीला रस्सा तसाच होता.

*

त्यांच्या घरी गेलो तेव्हा मी वहिनींना विचारलं, "आज काय बेत?"

"सुरमईचं काल..." कारखानीसांनी डोळे वटारले. "रागू," वहिनी पुटपुटल्या.

लग्नापासून कालवण रांधणाऱ्या बाईला कालवण म्हणायची चोरी! मला भयंकर राग आला. पण झालं होतं इतकं झकास की पुन्हा वाढून घेतलं.

*

मग मॅनेजर रिटायर झाले. खुर्चीसाठी कारखानीसांनी थेट जनरल मॅनेजरसाहेबांना जेवायला बोलावलं. साहेब कायम इंग्रजीत बोलणारे. टाळ्या वाजवायला सावंत आणि मी.

"फिश रागू, सर! फ्रेंच पद्धत. वाइनमध्ये मुरवलेलं. आपले रस्सेवाले खोबरं ओततात, तसं नाही!"

साहेब मान खाली घालून जेवत होते. त्यांनी ताटातलं आमसूल उचललं, चोखून स्वच्छ केलं आणि कडेला ठेवलं. मग दुसरं.

"वहिनी," साहेब चक्क मराठीत म्हणाले, "कालवण फर्स्टक्लास! वेंगुर्ल्याला आई असंच करायची. आमची मंडळी शाकाहारी, घरात मासे शिजत नाहीत हो."

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मग दर बुधवारी डबा पाठवते ना! हे येतातच ऑफिसला."

खुर्ची दिल्लीहून आलेल्या कुणालातरी मिळाली. पुढच्या बुधवारी कारखानीस टाय लावून, हातात दोन डबे घेऊन साहेबांच्या केबिनपाशी उभे राहिले. प्यूननं अडवलं.

"यात काय आहे?"

अख्खं ऑफिस कान टवकारून बसलं होतं.

कारखानीसांनी टाय सैल केला. "कालवण," ते म्हणाले.