सातवाहन, टोलनाका आणि युअर मॅन

ट्रलीला जायचं ठरलं ते माझ्या हौसेने नाही, हे आधीच सांगून टाकते. मी आयर्लंडमध्ये ॲथलोनला राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि शनिवार-रविवारचा माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे सोफा ते फ्रीज. पण जुन्नरहून बाबा आले होते. बाबा कॉलेजातले इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. सातवाहन हा त्यांचा विषय, छंद आणि आमच्या घरी कायमचा मुक्काम ठोकून बसलेला पाहुणा. ट्रलीच्या हॉस्पिटलातल्या मराठी डॉक्टरमंडळींना हे कळलं आणि तिथल्या अनघाताईंचा फोन आला, "काकांचं व्याख्यान ठेवू या का? सातवाहनांची राज्यव्यवस्था!" दोन हजार वर्षांपूर्वीचं सरकार ऐकायला लोक सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडणार, यावरून तिथल्या करमणुकीची परिस्थिती काय असेल ते तुम्हीच ओळखा.

निघण्याआधी मी बाबांना एक अट घातली. माझा घटस्फोट झालाय हे बाबांना माहीत आहे, जुन्नरला माहीत नाही. जुन्नरच्या लेखी माझा नवरा निखिल "टूरवर" असतो. एवढी लांबलेली मोहीम सातवाहनांच्या फौजेनेही केली नसेल. माझ्या मुलीच्या नावात मधे आता माझं नाव आहे, इरा मुग्धा. बाबा मात्र ओळख करून देताना अजून "इरा निखिल" म्हणतात.

"ट्रलीत जावई टूरवर आहेत म्हणालात, तर मी तिथेच उभी राहून खरं काय ते सांगेन," मी म्हणाले.

"चारचौघांत तमाशा करू नकोस, मुग्धा."

"मग चारचौघांत थापा मारू नका."

नऊ वर्षांची इरा मागच्या सीटवर हेडफोन लावून बसली होती, म्हणजे सगळं ऐकत होती.

ॲथलोन ते गॉलवे, म्हणजे वाटेतल्या आमच्या मुक्कामापर्यंत, मोटरवे सरळसोट आहे. तासाभरात पोचता. दोन्ही बाजूंना मेंढ्या, मग आणखी मेंढ्या, आणि मधे एक टोलनाका. सुट्टे नसतील तरी घाबरू नका, कार्ड चालतं. टोलनाका दिसताच बाबा सावरून बसले. "नाणेघाटात दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकायचे म्हणतात. घाट राखणारी माणसं, मग आहाराचा अमात्य..."

"आहार म्हणजे जेवण नाही हं," मी मागे वळून इराला सांगितलं. "आहार म्हणजे जिल्हा. अमात्य म्हणजे तिथला कलेक्टर."

"ग्रँड," इरा म्हणाली.

इथे ठीकठाक असलेल्या सगळ्यालाच ग्रँड म्हणतात, आणि ते बाबांच्या डोक्यात जायचं. "ग्रँड म्हणजे भव्य. इथे पाऊस भव्य, चहा भव्य, रस्त्यातला खड्डा चुकला तरी भव्य! काही बरं-वाईट उरलंय की नाही?"

ते लयीत आलेत असं बघून मी मुद्द्याला हात घातला. "बाबा, गौतमीपुत्र सातकर्णी. वासिष्ठीपुत्र पुळुमावी. एवढे मोठे राजे आईचं नाव मिरवायचे ना? मग इराने लावलं तर काय बिघडलं?"

"त्याचं कारण वेगळं. राजांना राण्या अनेक. कुठल्या राणीचा मुलगा ते कळायला हवं."

"म्हणजे प्रशासकीय सोय."

"अगदी बरोबर."

"आमचीही प्रशासकीय सोयच आहे."

यावर प्राध्यापकांनी मेंढ्यांचा सखोल अभ्यास सुरू केला.

गॉलवे सुंदर आहे, असं सगळे ब्लॉग सांगतात. मीही सांगते, कारण समुद्राकडे बघायला डोळे उघडता आले असते तर ते नक्कीच सुंदर दिसलं असतं. वाऱ्याने छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते, तेव्हा छत्री आणूच नका, टोपीचं जाकीट आणा. जेवायला आम्ही घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. वाळू फुकट मिळाली. मुक्कामाची खोली मात्र उबदार होती आणि मालकीणबाई बोलक्या. गाडी कुठे लावू विचारल्यावर त्या हसून म्हणाल्या, "युअर मॅन मागच्या अंगणात आहे, तो दाखवेल."

मी सामान उतरवायला वळले. बाबा जागच्या जागी थबकले होते. "युअर मॅन? तुझा माणूस? मुग्धा, निखिल आलाय?"

मी उत्तर द्यायच्या आत ते मफलर नीट करत, केसांवरून हात फिरवत मागच्या दाराने बाहेरही पडले. त्यांच्या मागोमाग मी धावले. अंगणात पावसात हाफ पँट घालून उभा असलेला एक टकला गृहस्थ बाबांकडे बघून म्हणाला, "हाउ आर या?" बाबांनी त्याला वाकून नमस्कार केला. काय करणार, हात आधीच जोडले गेले होते!

इराने त्यांना समजावलं. तिला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर अस्सल आयरिश इंग्रजीत देते. "आजोबा, युअर मॅन'स जस्ट सम फेला!"

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीही," मी म्हणाले. "तो अमका. इथे वाटेल त्याला युअर मॅन म्हणतात. माझा नव्हे, कोणाचाच नव्हे."

बाबा "अच्छा" म्हणाले आणि आत गेले. मला हसू यायला हवं होतं. एरवी हा किस्सा मी ऑफिसात रंगवून सांगितला असता. पण मफलर नीट करताना त्यांचा चेहरा कसा उजळला होता ते मी पाहिलं होतं, आणि मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

सकाळी न्याहारीला काळं पुडिंग आलं. बाबा गोड समजून चमचा घालणार, तेवढ्यात मी ताटली ओढली. शाकाहारी मंडळींनो, ते डुकराच्या रक्ताचं सॉसेज असतं, इथे पुडिंग या शब्दावर कधीही विश्वास टाकू नका. टोस्ट आणि बीन्स मागा, त्यात धोका नाही.

गॉलवेहून ट्रलीला जाताना लिमरिकवरून वळसा घालू नका. एनिसवरून किलिमरला या, तिथून गाडीसकट फेरीबोटीत चढा आणि शॅनन नदी ओलांडून टार्बर्टला उतरा. वीसेक मिनिटांचा प्रवास आहे, पण नदी इतकी रुंद की समुद्रच वाटावा. इरा पाण्यात डॉल्फिन शोधत होती. कठड्याला धरून उभे असलेले बाबा एकदम म्हणाले, "मला खरंच वाटलं, तो आला."

"कळलं मला."

"स्थळ आक्काने आणलं होतं गं. निखिलचं. अजून सगळ्यांना सांगत असते, मुग्धाचं सोनं झालं माझ्यामुळे. तिला कसं सांगू? टूर म्हटलं की विषय संपतो."

आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. जुन्नरचं महासेनापतिपद, अमात्यपद आणि वार्ताविभाग, तिन्ही खाती त्यांच्याकडे. इतके दिवस मला वाटायचं, बाबांना माझी लाज वाटते. म्हणून मी भांडत होते. आता कोणाशी भांडू?

"त्यांना वाईट वाटेल म्हणून माझं आयुष्य खोटं करायचं का, बाबा?" मी विचारलं. तेवढ्यात बोट टार्बर्टला लागली.

ट्रलीला हॉल भरला होता. चक्क भरला होता! मसालेभात, काकडीची कोशिंबीर, दाट दह्याचं श्रीखंड. लोक कशासाठी आले होते ते उघड आहे, पण बाबा बोलायला लागले आणि चमचे थांबले. राजा, आहार, अमात्य, गावचा ग्रामिक, स्वतःची नाणी पाडणारे महारथी आणि महाभोज हे सरदार, असा सगळा कारभार त्यांनी उलगडला. मग नाशिकच्या लेण्यातला लेख सांगितला. गौतमी बलश्री, राजाची आई. मुलगा गेल्यावर त्याचं मोठेपण तिने दगडात कोरून घेतलं. "साम्राज्य कोणी चालवलं ते आपल्याला कळतं," बाबा म्हणाले, "कारण आईने सांगितलं."

टाळ्या झाल्या. नंतर ताटं घेऊन उभे असताना एक काकू आपुलकीने म्हणाल्या, "नात गोड आहे हो. जावई नाही आले?"

मी ताट खाली ठेवलं. उभी तर होतेच.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग इराकडे. "ही इरा मुग्धा. मुग्धापुत्री म्हणा," ते म्हणाले. "सातवाहनी पद्धत आहे आमच्याकडे."

"वा वा!" काकू म्हणाल्या आणि श्रीखंडाकडे वळल्या. मला बरं वाटलं, पण फार नाही. ट्रलीत बोलणं सोपं. परक्या माणसांसमोर शूर व्हायला काय लागतं? शिवाय जावयाचं उत्तर त्यांनी शिताफीने टाळलंच होतं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी कपडे मशीनला लावत होते. बाबा स्वयंपाकघरात चहा करत होते, आणि फोन स्पीकरवर होता, कारण आक्कांना ऐकू कमी येतं आणि त्या बोलतात जास्त. व्याख्यान कसं झालं, थंडी किती, जेवण काय होतं, सगळं झालं. मग आक्का म्हणाल्या, "आणि आमचे जावईबापू? आले का टूरवरून?"

मी मशीनचं दार तसंच उघडं ठेवलं.

"आक्का," बाबा म्हणाले. "टूर वगैरे काही नव्हती. मुग्धा आणि निखिल वेगळे झालेत. दोन वर्षं झाली. मी तुझ्याशी खोटं बोललो."

पलीकडून आक्कांचं रडणं ऐकू आलं. "अरे देवा! माझ्यामुळे झालं रे सगळं. पोरगी कशी आहे?"

बाबांनी गॅस बंद केला.

"तुझ्यामुळे काही नाही. रडू नकोस. पोरगी ग्रँड आहे."

"काय आहे?"

"ग्रँड गं, ग्रँड," बाबा ओरडून म्हणाले. "म्हणजे बरी आहे. एकदम बरी आहे."