डाग कशाचा?

पाथरीच्या बसस्टँडमागे एक लाँड्रीवाला आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कपडा पुढे केला की तो एक डोळा मिटून उजेडात धरतो, हुंगतो आणि म्हणतो, "आधी डाग कशाचा ते सांगा." तेलाचा, केळीच्या चिकाचा, हळदीचा, प्रत्येकाचा इलाज वेगळा. हळदीला साबण घासून लाल करून आणणाऱ्यांवर तो भडकतो, "उन्हात टाकायची की नुस्ती!" रक्ताचं तर शाळेत शिकवणाऱ्या आम्हा बायकांकडून त्यानं पाठच करून घेतलंय, "थंडं पाणी. गरम टाकलं की डाग पक्का बसला."

तरी त्या दिवशी घाबरून मी पदरावर गरमच पाणी ओतलं. नवऱ्याचा हात उठला होता, नाकातून रक्त आलं होतं. डाग तपकिरी होऊन बसला.

"कशाचा?"

"चहाचा."

त्यानं पदर हुंगला. माझ्या तोंडाकडे पाहिलं. आणि पहिल्यांदाच काही न बोलता साडी ठेवून घेतली.

तिसऱ्या दिवशी पदर जवळजवळ स्वच्छ होता. घडी हातात देताना तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, दोन दिस थंड्या पाण्यात ठेवली व्हती. चहाला आमी तसं करत न्हाई."

मी पैसे द्यायला पर्स उघडली.

"माझी घरवाली आत इस्त्री करायलीय. तिच्यापाशी बसा जरा."

मी साडी परत त्याच्या टेबलावर ठेवली आणि आत गेले.