रोटाच्या पिठाला लागलेले हात

मी फारशी देवभोळी नाही. श्रावणात आमच्या घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते. तिचं सगळं मी करते, पण अंगावर घेतलेलं काम नीट पार पाडायचं, एवढाच माझा भाव. पपईची रोपवाटिका चालवणाऱ्या बाईला डोळे मिटून बसायला वेळ नसतो. त्यामुळे त्या वर्षी जे झालं त्याला चमत्कार म्हणा, असा माझा आग्रह नाही. झालं तसं सांगते.

आमचा एकुलता मुलगा हर्षल पुण्याला शेतकी शिकला. त्याच्या वर्गात टांझानियाची नीमा होती. पुढे दोघांना पुण्यातच नोकरी लागली आणि एक दिवस त्याने सांगितलं, लग्न करायचं तर हिच्याशीच. मी पुण्याला जाऊन तिला भेटून आले. पोरगी कामाची, हसरी, आणि माझ्या मुलाला ओरडून उठवणारी. मला तेवढं पुरलं.

आमच्या गावाला, लोणखेड्याला, पुरलं नाही. शहाद्यातल्या एका मंगल कार्यालयाने तारीख दिली, आणि मोबाइलमध्ये नीमाचा फोटो दिसल्यावर तीच तारीख आधीच दुसऱ्याला दिलेली निघाली. दुसरीकडेही तसंच झालं. भाऊबंदांपैकी एकाने चारचौघांत विचारलं, "लाइट गयी तर सूनले कसं शोधशात, वहिनी?" मी म्हटलं, "तुमनी सून तर उजेडमा बी सापडस नही, कामना येळले." सगळे हसले. पण हसण्याने प्रश्न सुटत नसतो. माझे मोठे दीर, आबा, हसले नव्हते. ते मला एवढंच म्हणाले, "दुसरी जात ऱ्हाती तर झाकी लेतू. रंग कोठे झाकशी?" कानबाईच्या दिवशी नीमा घरात दिसली तर देवीचं ठाणं आमच्या घरातून उठवून आपल्या घरी नेऊ, असंही त्यांनी कळवलं. यावर हर्षल न चिडता म्हणाला, "आई, तिला घरात जागा नसेल तर आम्ही तिच्या देशात जाऊ. मग पुन्हा येणं होईल असं वाटत नाही." तो रागावला असता तर मी समजूत काढली असती. तो रागावलाच नाही, म्हणून मला भीती वाटली.

कानबाईच्या रोटांची, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांची, रीत आमच्याकडे कडक असते. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, अगदी पाळण्यातल्या बाळाच्याही, मुठीने गहू आणि हरभऱ्याची डाळ घेतात. ते दळण गिरणीत जात नाही, घरच्या घरघंटीवरच दळतात. त्या पिठाला परक्याचा हात लागू द्यायचा नाही आणि ते रोट कुळाबाहेर कोणाला द्यायचे नाहीत. पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच ते संपवायचे.

मी आबांना उत्तर दिलं नाही, आणि नीमाला येऊ नको असंही कळवलं नाही. रविवारी सकाळी दोघं आली. मी तिला पुढच्या खोलीत बसवलं आणि म्हटलं, आत येऊ नकोस. तिने मान हलवली. तिला कारण कळलं होतं. मी आत जाऊन चौरंगासमोर उभी राहिले. कानबाई म्हणून मांडलेल्या नारळाला नथ घातलेली होती, फुलं वाहायची होती. मी नवस बोलले नाही. एवढंच म्हटलं, "आई, माझी अक्कल संपली. आता तू बघ."

मग दळलेल्या पिठाची परात उचलून स्वयंपाकघराकडे निघाले. पुढच्या खोलीतूनच वाट आहे. फरशी नुकतीच पुसलेली होती. माझा पाय सरकला आणि परात हातातून सुटली. नीमा कशी उठली ते मी पाहिलं नाही. दिसली तेव्हा ती गुडघ्यावर होती, परात तिच्या छातीशी टेकलेली, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. चिमूटभरही पीठ खाली पडलं नव्हतं. ती माझ्याकडे बघून घाबरून म्हणाली, "आई, लागलं का?"

तोवर रोटांसाठी आलेले कुळातले सगळे जमले. माझी जाऊ म्हणाली, "बाटी गयं. सगळास्ना नावनं पीठ." आबा दारातून म्हणाले, "नदीमा सोडा. कानबाई मन्हा घर बठी." हर्षलने कोपऱ्यातली बॅग उचलली.

मोठमाय, म्हणजे माझ्या मोठ्या चुलतसासू, काठी टेकत आल्या. रीतीच्या बाबतीत त्यांच्याइतकं कडक कुळात कोणी नाही, आणि या लग्नाला पहिला नकार त्यांचाच होता. त्यांनी परातीत वाकून पाहिलं.

"सांडनं का?"

"नही," मी म्हटलं.

"मंग नदीमा कसाले? आबा, यामा तुन्हा नावनी मूठ शे. तुन्हा नातूनी शे. नातूना नावनं पीठ तू पानीमा टाकशी?"

मग मोठमाय सगळ्यांकडे बघून म्हणाल्या,

"देवनं पीठ फेकतस नही. पारकाना हात बी लागाले नको. दोन्ही खरं शे. मंग ही पोर पारकी नही. संपनं." आणि नीमाकडे वळून म्हणाल्या, "बठ वं माय. हात धोवू नको. आते मळीच टाक."

नीमाला अहिराणी शब्द कळले नसतील. मोठमायने खांदा दाबून तिला पाटावर बसवलं, ते कळलं. हर्षलने बॅग खाली ठेवली. मी पाणी आणायच्या निमित्ताने मागच्या दारी गेले आणि तिथे जरा वेळ थांबले. मी रडत नाही सहसा.

सोमवारी गोमाई नदीवर विसर्जनाला नीमा आमच्यात चालली. काहींनी मोबाइल काढून तिचं शूटिंग केलं, काही घरं मिरवणुकीत आलीच नाहीत. सगळं जग एका परातीने बदलत नाही. आबाही रविवारी न जेवता गेले होते. त्यांच्या वाटचे रोट मी झाकून ठेवले, कारण ते दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी ते आले आणि ओट्यावर बसले. नीमाने ताट आणलं, पाणी आणलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. रोट मात्र सगळे खाल्ले, पाणी प्यायले, आणि उठताना मला म्हणाले, "लगीनले मांडव आंगनमाच टाकू. कार्यालय कसाले पाह्यजे?" मांडव त्यांनीच उभा राहून घालून घेतला.

फरशी ओली होती, म्हणून पाय सरकला. मोठमायला रीत पक्की माहीत होती, म्हणून त्यांना वाट सापडली. असा हिशेब मलाही लावता येतो. पण मी आयुष्यभर प्रत्येक गोष्ट घट्ट धरून चालवत आले, आणि जिथे माझी पकड सुटली नेमकं तिथेच ते सांभाळायला कोणी बसलेलं होतं. नीमाला तिथे मीच बसवलं होतं खरं, पण त्यासाठी नव्हे. कानबाई, तू काम हाती घेतेस तेव्हा आम्हाला विचारत नाहीस, हे मला उशिरा कळलं. कळलं तेवढं पुष्कळ आहे.