कलमाचा मोहोर

दोन वर्षं झाली, परसातलं आंब्याचं कलम माझ्या गुडघ्याच्या वर सरकत नाही. खत झालं, पाणी झालं. मोहोर मात्र दरसाल येतो, दोन-चार कैऱ्या धरतात आणि घर हरखून जातं. झाडाचा सगळा जीव त्या कैऱ्यांतच जातो.

आज मी मोहोर खुडायला बसले. सासूबाई धावत आल्या.

"अगं, आलेला मोहोर कुणी तोडतं का?"

"आधी झाडाला वाढू तरी द्या, आई!"

सतराव्या वर्षी माझं डोहाळजेवण झालं, तेव्हाही घर असंच हरखलं होतं. मीच अजून वाढतेय, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

शेवटच्या तुऱ्याला हात घातला, तशा त्या काकुळतीला आल्या. "हा तरी देवासाठी ठेव."

मी तोही खुडला.

"देवाला थांबायला सांगा. त्याचं कुठे वय निघून चाललंय!"