पाणी पाजणं

आमच्या वन्सं लोखंडी गजांच्या कारखान्यात तपासणीला आहेत. तयार गज यंत्रात घालून वाकवायचा आणि वाकल्या जागी तडा जातो का ते बघायचं. हे काम त्यांनी पोटासाठी धरलं नव्हतं, डूख धरून धरलं होतं.

आधी तिथे भावजी, म्हणजे वन्संचे यजमान, पाण्याच्या झडपेवर होते. लालभडक गज फवाऱ्यातून गेला की वरची साल कडक होते, पण आत धग उरते. मग उघड्यावर निवताना ती धग बाहेर येऊन सालीचा ताठा उतरवते, म्हणून गज वाकतो, तुटत नाही. पाणी जास्त झालं की ती धगच विझते आणि गज तडकतो. असं फवाऱ्यातून काढण्याला तिथे गजाला पाणी पाजणं म्हणतात.

तिथल्या सुपरवायझरच्या तोंडी सारखं 'पटापट', म्हणून सगळे त्याला 'पटापट साहेब' म्हणत. त्याने घाईपायी झडप पूर्ण उघडायला लावली, आणि गज तडकल्यावर मालकांपुढे भावजींकडे बोट दाखवलं. भावजी घरी बसले. कुठेही काम विचारायला गेले की, "गज तडकवणारे ते तुम्हीच ना?"

वन्संनी तपासणीत नोकरी धरली तेव्हा पटापट साहेब हसला होता. "नवऱ्याने बिघडवायचं, बायकोने तपासायचं. छान."

"वहिनी," भांडी विसळताना वन्सं मला म्हणाल्या, "त्याच्या हातचा गज त्याच्याच हाताने मोडून घेईन, तेव्हा थांबेन."

एकदा झडपवाला तापाने घरी राहिला. फाटकात ट्रक उभा, म्हणून पटापट साहेब स्वतःच झडपेवर बसला. त्याने काढलेला पहिलाच गज वन्संच्या यंत्रात तडकला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मालकांना निरोप धाडला आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

साहेब धावत आला, त्याच्यामागोमाग मालकही. "बाई, पटापट पास करा, गाडी खोळंबलीय."

"करते की. एक तुम्हीच वाकवून दाखवा मालकांना."

गज काडीसारखा तुटला.

"आज झडपेवर कोण होतं?" मालकांनी विचारलं. साहेबाने सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"आणि मागच्या वेळी?"

"तेव्हाही हीच घाई होती," वन्सं म्हणाल्या. "फक्त हात माझ्या नवऱ्याचा होता."

साहेबाची मान खाली गेली ती वर आलीच नाही. संध्याकाळी आपला डबा घेऊन तो कायमचा फाटकाबाहेर पडला, आणि भावजींना परत बोलावणं आलं.

घरी भावजींनी विचारलं, "काय केलंस गं?"

"पाणी पाजलं."

"बेताने ना?"

वन्सं पाय धूत होत्या. "नाही," त्या म्हणाल्या, "मुद्दाम जास्त."