अम्माजींच्या फॉर्मवरची सही

आमच्या घरमालकीण आंटींनी अठरा वर्षांचा पक्ष सोडला तो एका मंगळवारी दुपारी. मी कॉलेजमधून आले तेव्हा त्या स्टुलावर उभ्या राहून फाटकाशेजारची पक्षाची पाटी काढत होत्या. स्क्रू गंजले होते. "बेटा, ऊपर से पेचकस ले आ," त्या म्हणाल्या. मी वर जाऊन बाबांच्या डब्यातला स्क्रूड्रायव्हर आणून दिला. पाटी निघाली तशी तिच्यामागून एक पाल सरसरत भिंतीवर चढली.

"देख, ये भी छोड़के जा रही है," आंटी म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात अम्माजींचा फॉर्म होता.

हे मेट्रो यायच्या आधीचं जयपूरचं मानसरोवर. आंटी खाली राहायच्या, आम्ही वर भाड्याने. बाबा विमा कंपनीत अधिकारी. मूळचे आम्ही नगरचे, पण बदल्या होत होत जयपूरला येऊन टेकलो होतो. बाबांचा एकच नियम होता: "आपण बदलीवाले. गावच्या राजकारणात पडायचं नाही." तो पाळायला मला कष्ट पडत नव्हते. मी कुणाशी बोलतच नसे. माझं इंग्रजी शाळेतलं, मराठी घरातलं, आणि हिंदी बोलताना दुकानदार विचारायचे, "मैडम, बाहर से आए हो?" त्यामुळे मी बोट दाखवून भाजी घ्यायला शिकले होते.

पण आंटींना लिहिणारं कुणीतरी हवं होतं. त्या पक्षाच्या महिला शाखेच्या वॉर्डातल्या प्रमुख. दुपारी गल्लीतल्या बायका त्यांच्या बैठकीत यायच्या: कुणाला रेशनकार्डावर सुनेचं नाव घालायचं, कुणाला विधवा पेन्शन. आंटी प्रश्न विचारायच्या, मी लिहायची. मला ते आवडायचं, कारण लिहिणाऱ्याकडे कुणी बघत नाही. पहिला अर्ज मी ऐटीत इंग्रजीत भरला होता, अगदी 'रिस्पेक्टेड सर'पासून. तो परत आला. खिडकीवरचा बाबू आंटींना म्हणाला होता, "ये लंदन भेजना है क्या?" त्यानंतर महिनाभर मी आंटींच्या गल्लीत 'लंदनवाली' होते.

अम्माजी गल्लीच्या शेवटच्या घरात एकट्या राहायच्या. नवरा गेलेला, मूल नव्हतं. साड्यांना फॉल लावून त्यांचं चालायचं आणि आता त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. दोरा ओवून घ्यायला त्या आमच्या जिन्याशी यायच्या, दहा-बारा सुया एकदमच घेऊन. त्यांच्या पेन्शनच्या फॉर्मवर सगळं पूर्ण होतं. फक्त वॉर्डाच्या पार्षदाची, म्हणजे आपल्याकडच्या नगरसेवकाची, सही आणि शिक्का राहिला होता.

तो दीड वर्ष राहिला होता. कारण पार्षद समोरच्या पक्षाचा होता.

आंटींच्या घरात हा कुळाचारासारखा नियम होता: त्याच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. मागच्या निवडणुकीत त्याने आंटींच्या पक्षाच्या उमेदवाराला पाडलं होतं. अम्माजी एकदा स्वतः गेल्या होत्या. तो त्यांना म्हणाला, "अम्मा, जिनको वोट दिया है, साइन भी उन्हीं से करवा लो." हे अम्माजींनी आम्हांला तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. त्याचं म्हणणं वाजवीच आहे, अशा सुरात सांगितलं होतं. आंटी म्हणाल्या, "थोड़ा रुक जाओ अम्माजी. इस बार टिकट मेरा है. पहली साइन आपकी."

आणि मीही ते मानलं. हे मला कबूल करायलाच हवं. निष्ठा ही मला तेव्हा फार मोठी गोष्ट वाटायची, आणि मोठ्या गोष्टीपायी एखादा फॉर्म दीड वर्ष कपाटात राहू शकतो, हे मला विचित्रही वाटलं नव्हतं.

मग निवडणुकीचं वारं सुरू झालं आणि एका शुक्रवारी तो पार्षदच आंटींच्या पक्षात आला. आंटींना हे पक्षाकडून फोनवर कळलं. मी समोरच बसले होते. पलीकडच्या माणसाने सांगितलं की सांगानेरच्या रस्त्यावर स्वागताचा कार्यक्रम आहे, डोक्यावर कलश घेतलेल्या पन्नास बायका घेऊन या. कुणाच्या स्वागताला, हे आंटींनी विचारल्यावर त्याने सांगितलं. आंटींनी रिसीव्हर ठेवला, आणि तिथेच उभ्या राहून म्हणाल्या, "अठारह साल! इतना तो मैंने अपनी ननद से नहीं निभाया."

तिकीट त्यालाच मिळणार हे उघड होतं. कलश गेले नाहीत. पण मला मनातून बरं वाटलं होतं. आता पार्षद आणि आंटी एकाच पक्षात, म्हणजे सही होणार. मी त्याच संध्याकाळी सुया ओवताना अम्माजींना सांगूनही टाकलं, "हो जाएगा, अम्माजी. इसी हफ़्ते." कुणाला आपणहून शब्द देण्याची माझी ती पहिलीच वेळ. अम्माजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोटांना सुयांची भोकं होती.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, आंटी समोरच्या पक्षात गेल्या. त्यांना तिकडून तिकिटाचा शब्द मिळाला होता.

पाटी काढून झाल्यावर मी विचारलं, "आंटी, वो फॉर्म? पार्षद के पास अब ले जाऊँ?"

"अब तो बिल्कुल नहीं," त्या हात झटकत म्हणाल्या. "अब वो वहाँ है."

"कल तक वहाँ आप थीं."

हे माझ्याच तोंडातून गेलं. आंटी स्टूल उचलत होत्या, त्यांनी ते परत खाली ठेवलं. रागावल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, "तू समझेगी नहीं. जिन्होंने निकाला, उनके आदमी के आगे मैं हाथ जोड़ूँ?"

त्यांचं दुःख खरं होतं. उन्हाळ्यात, तापात, मुलीच्या लग्नाच्या आठवड्यातसुद्धा त्या पक्षासाठी दारोदार हिंडलेल्या मी पाहिल्या होत्या. त्यांना फसवलं गेलं यात शंका नव्हती. पण दोन्ही माणसं रस्ता ओलांडून एकमेकांच्या जागी जाऊन उभी राहिली होती आणि फॉर्म होता तिथेच होता. मी म्हटलं, "आप मत जाइए. फॉर्म मुझे दे दीजिए." त्यांनी आत जाऊन फॉर्म आणला आणि माझ्या हातात दिला.

संध्याकाळी जेवताना मी घरी सांगितलं. पेपरात रोज येत होतं की आचारसंहिता कधीही लागेल, आणि ती लागली की निवडणूक होईपर्यंत नवे अर्ज घेणार नाहीत, असं खिडकीवरचा बाबू म्हणाला होता.

"अगं, तू? तू एकटी जाणार आणि बोलणार?" आई म्हणाली.

बाबा म्हणाले, "उद्या तो विचारेल, कुणाची माणसं तुम्ही. काय सांगशील?"

"अम्माजींची."

बाबांनी भातात वरण कालवलं. मग म्हणाले, "जा. फक्त माझ्या ऑफिसचं नाव काढू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी पार्षदांच्या अंगणात होते. नव्या पक्षाचे झेंडे लागले होते, एका कोपऱ्यात जुन्यांचा गठ्ठा. अभिनंदनाला माणसं येत होती, हार, पेढे. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी वरचं नाव वाचलं, पत्ता वाचला.

"तुम तो उनके ऊपर रहती हो ना? मैडम ने भेजा है?"

"नहीं. अम्माजी के लिए आई हूँ."

"मैडम को बोलो, खुद आ जाएँ. चाय पिलाएँगे." भोवतालची माणसं हसली. एकजण म्हणाला, "आएँगी कैसे, पाटी उतारने से फुर्सत मिले तब ना!"

इथे एखादी धीट मुलगी भांडली असती. मला भांडता येत नाही. मला गप्प बसता येतं, आणि ते मला बहुतेकांपेक्षा चांगलं येतं. भिंतीला लागून लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. त्यांतल्या दारासमोरच्या खुर्चीवर मी जाऊन बसले, फॉर्म मांडीवर, सरळ, वाचता येईल असा.

येणारा प्रत्येक माणूस आधी मलाच पाही. "ये बिटिया?" असं विचारी. पहिल्यांदा पार्षद म्हणाले, "ऐसे ही, काम से आई है." दुसऱ्यांदा म्हणाले, "पेन्शन का कुछ है." तिसऱ्या खेपेला एक म्हातारे गृहस्थ आले, पगडीवाले, त्यांच्यासाठी सगळे उठून उभे राहिले. ते थेट माझ्याकडे आले, चष्मा कपाळावर सरकवून फॉर्म वाचला आणि म्हणाले, "अरे, ये तो फॉल लगाने वाली अम्मा है. जिंदा है अभी? इसका अब तक नहीं हुआ?"

मी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं, जिथे सहीची जागा रिकामी होती आणि बाजूला आंटींनी भरायला लावलेली तारीख, दीड वर्षापूर्वीची.

पार्षदांनी शिक्का मागवला. सही करताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मैडम को बता देना, मैंने पार्टी देखकर साइन नहीं किया."

सव्वाबारा वाजले होते. मी तशीच स्कूटी काढून कार्यालयात गेले. खिडकीवर तोच बाबू. त्याने फॉर्म उलटापालटा केला, शिक्का पाहिला, जुनी तारीख खोडून नवी लिहायला लावली आणि पावती फाडून दिली. पावती मी आधी अम्माजींना नेऊन दिली. त्यांना वाचता येत नव्हती. त्यांनी ती दोनदा घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि विचारलं, "किस पार्टी ने कराया, बेटा?" मी म्हटलं, "किसी ने नहीं." त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

आंटी फाटकात उभ्या होत्या. गळ्यात नव्या पक्षाचा पटका, अजून घडीच्या खुणा असलेला.

"कर दिया?"

"हाँ."

"मेरे बारे में कुछ बोला?"

मी पटक्याकडे पाहत म्हटलं, "चाय पे बुलाया है."

त्या खळखळून हसल्या, आणि हसता हसताच पदराने डोळे टिपले. मग म्हणाल्या, "कल से परचा बाँटने चलेगी मेरे साथ? तेरी लिखाई अच्छी है, चेहरा भी भला है."

"नहीं, आंटी. परचा नहीं." मी म्हटलं. "फॉर्म हों तो दीजिए."

त्या आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात आणखी पाच फॉर्म होते, सगळे माझ्याच अक्षरातले, सगळ्यांच्या तळाशी तीच जागा रिकामी. मला ठाऊक नव्हतं की ते गेलेच नव्हते.

"तेरे से नहीं छुपाया," त्या म्हणाल्या. "बस, बोला नहीं."

मी फॉर्म घेतले. दुसऱ्या दिवशी नऊला मी पुन्हा त्या अंगणात गेले आणि दारासमोरच्या खुर्चीवर बसले.