जाळाच्या पुढची रेघ

स्फोटांच्या चाचण्या व्हायच्या त्या सोकोरोच्या माळावर त्या सकाळी हाडं गोठवणारा गारठा होता, आणि वाऱ्यानं धुळीचा नुसता उच्छाद मांडला होता. ओर्लिंडा बाका बंकरच्या जाड काचा पुसत होती. एक पुसून दुसरीकडं वळेस्तोवर पहिलीवर पिठासारखी धूळ.

"पूस, पूस," स्फोटांचा मुकादम ड्वेन म्हणाला. "आज वारा तुझ्या बापाचंसुद्धा ऐकायचा नाही."

"बापाचं आमच्या घरात मांजरही ऐकत नव्हतं," ती म्हणाली.

तिचा नवरा सेलेडोन याच माळावर गेला. स्फोटाच्या दारूपासून काही पावलांवर तारा जोडताना ती अवेळी उडाली. त्या दिवशीच्या चित्रणात नुसता पांढरा जाळ. माणूस कुठंच नाही. तेव्हापासून त्याच्या आईनं, युफेलियानं, एकच धरलं होतं : माझं पोर जळालं. चूल थंडगार असताना म्हातारी घरभर हुंगत फिरायची. "करपल्याचा वास येतोय गं, पोरी." हल्ली तो वास ओर्लिंडालाही यायला लागला होता.

तिचं काम लेझरच्या उजेडात स्फोटांची चित्रं टिपायचं. त्याचा उजेड इतका क्षणभर लखलखतो की धावती हवाही चित्रात जागच्या जागी थिजते. कॅमेऱ्यापुढं लेझरचाच रंग आत सोडणारी काच असते. जाळ त्यात विझल्यासारखा दिसतो आणि त्याच्यामागचं सगळं उघडं पडतं.

आजची दारू त्या दिवशीएवढीच होती, आणि त्याच जागी ठेवलेली. सेलेडोन पडला तिथं घरच्यांनी क्रूस रोवलाय. त्याच्याशेजारी तिनं गवताचा माणूस उभा करू द्या म्हटलं.

ड्वेन म्हणाला, "दिसेल ते बघावं लागेल, ओर्लिंडा. मग नको म्हणून चालायचं नाही."

"न बघता तरी कुठं चाललंय?"

दारू उडाली. जमीन पायाखाली हलली. पडद्यावर एकेक चित्र आलं : जाळाचा गोळा फुगला आणि मागंच अडला. त्याच्यातून केसासारखी बारीक रेघ सुटून पुढं निघाली. स्वच्छ हवेतली रेघ. ती गवताच्या माणसाला लागली, आणि पुढच्या चित्रात त्याची छाती आत गेलेली. जाळ अजून लांबच होता.

दुपारी तिनं चित्रं सासूपुढं ठेवली. "आई, हे बघा. हा गवताचा माणूस त्याच्याच जागी उभा केला होता. जाळ त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. हवेचा धक्का आधी लागला. कळायच्या आत."

म्हातारीनं रेघेवरून बोट फिरवलं. "कळायच्या आत? हे तुला कोण सांगायला आलं?"

ओर्लिंडानं शेवटचं चित्र पुढं सरकवलं.

"जळाला नाही ना पण?"

"नाही, आई. जळाला नाही."

म्हातारीनं मान हलवली. बाहेर वाऱ्यानं दार आदळलं तशा दोघी दचकल्या, आणि समोरच्या रिकाम्या हवेकडं बघत राहिल्या. तिथं काहीच दिसत नव्हतं.

"आता ही रेघच दिसत राहणार मला," म्हातारी पुटपुटली. मग तिनं चित्रं पालथी घातली आणि घेवड्याच्या दाण्यांचं ताट सुनेपुढं सरकवलं. "खडे काढ. माझे डोळे गेलेत."

ओर्लिंडा खडे वेचायला बसली.